कानात घालायचा की कानावर? आयईएम आणि मोठ्या हेडफोनबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

इंदूरला राजेंद्र नगरात माझ्याकडे गाण्याचे क्लास चालतात. ऑनलाइन शिकवणी सुरू झाली तेव्हापासून "ताई, हेडफोन कुठला घेऊ?" हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. मुलं विचारतात, त्यांचे आई-बाबा विचारतात, आता आजी-आजोबाही विचारायला लागलेत. दर वेळी फोनवर सांगताना काहीतरी राहून जातं, म्हणून सगळं इथे एका जागी लिहून ठेवते आहे. उदाहरणं बहुतेक शास्त्रीय संगीतातली आहेत, कारण माझे कान त्यातच तयार झाले. किमती ढोबळ धरा. सेलमध्ये हजार-पाचशे इकडेतिकडे होतात.

आयईएम म्हणजे काय? साध्या इअरफोनपेक्षा तो वेगळा कसा?

साधा इअरफोन कानाच्या तोंडाशी नुसता टेकून बसतो. आयईएमची नळी कानाच्या भोकात थोडी आत जाते आणि तिच्यावरची रबरी टिप ते भोक पूर्ण बंद करते. वायर बहुतेक वेळा कानावरून मागे घेतात, म्हणजे ओढ बसली तरी तो निसटत नाही.

नाव इन-इअर मॉनिटर. स्टेजवर गायकाला स्वतःचा आवाज आणि साथ ऐकू यावी म्हणून पायाशी तिरका स्पीकर ठेवतात, त्याला मॉनिटर म्हणतात. तोच कानात आणून ठेवला, एवढाच नावाचा अर्थ. १९९५ मध्ये जेरी हार्वी या साउंड इंजिनिअरने व्हॅन हेलन या अमेरिकन बँडच्या ड्रमरसाठी असे मॉनिटर बनवले आणि मग ते स्टेजवर सर्रास दिसायला लागले. नुसतं ऐकणाऱ्यांसाठी एटिमॉटिक कंपनीचा ईआर-४ त्याच्याही आधी, १९९१ मध्ये आला होता.

मोठ्या हेडफोनमध्ये ओपन आणि क्लोज्ड असे दोन प्रकार सांगतात, ते काय?

क्लोज्डची वाटी मागून बंद असते. आवाज बाहेर जात नाही, बाहेरचा फारसा आत येत नाही. स्टुडिओत गायकाच्या डोक्यावर हाच दिसेल, कारण हेडफोनमधला तबला माइकमध्ये शिरून चालत नाही. ओपनच्या वाटीला मागे जाळी असते, हवा आरपार खेळते. झेनहायझरने १९६८ मध्ये एचडी ४१४ काढून हा प्रकार लोकप्रिय केला. ओपनचा आवाज मोकळा, पण शेजारी बसलेल्यालाही तुमचं गाणं ऐकू येतं आणि तुम्हाला त्याचं बोलणं.

तेवढ्याच पैशात आवाज कशाचा चांगला?

तीन हजारांपर्यंत बजेट असेल तर आयईएम घ्या. यात मला जराही शंका वाटत नाही.

मोठ्या हेडफोनमध्ये पट्टी, बिजागरी, वाट्या, गाद्या, सगळ्यावर पैसा जातो. दोन हजारांच्या हेडफोनमध्ये हे सारं करून झाल्यावर आवाज देणाऱ्या भागासाठी फार काही उरत नाही. आयईएममध्ये मुळात सामानच थोडं. दुसरं कारण हवेचं आहे. खालचे स्वर वाजवायला स्पीकरला पुष्कळ हवा हलवावी लागते, पण कान पक्का बंद असेल तर आयईएममधला आवाज काढणारा पडदा आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये हवेचा एक लहानसा कप्पा तेवढा उरतो. तो हलवायला दहा मिलिमीटरचा पडदाही पुरतो. मोठ्या हेडफोनमध्ये गादी चेहऱ्यावर नीट बसली नाही की तिथून हवा निसटते आणि खालचे स्वर पातळ होतात.

तिसरी गोष्ट गेल्या काही वर्षांतली. कुठल्या पट्टीतला आवाज किती उचलायचा, यावर संशोधक शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हार्मन या ऑडिओ कंपनीत श्रोत्यांना ऐकवून ऐकवून अभ्यास केला आणि बहुतेकांना आवडेल असा एक आलेख मांडला. चिनी कंपन्यांनी तो समोर ठेवून स्वस्त आयईएम त्याच्या आसपास जुळवायला सुरुवात केली. सेव्हन हर्ट्झचा सालनोट्स झिरो किंवा मूनड्रॉपचा चू दोन हजारांच्या आसपास मिळतो. त्या पैशात एवढा सरळ आवाज देणारा मोठा हेडफोन माझ्या तरी कानावर आलेला नाही.

पाच-सहा हजारांपासून पुढे बरोबरी सुरू होते. दहा हजारांच्या वर मोठे हेडफोन असं काही द्यायला लागतात जे आयईएमला जमत नाही. ते खाली लिहिलं आहे. आणि लाखभराचे आयईएम? मी दोन-तीन ऐकले. चांगले होते. दोन हजारांच्या आयईएमपेक्षा पन्नासपट चांगले मुळीच नव्हते.

एवढ्याशा बटणातून खर्ज खरंच ऐकू येतो का?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, म्हणून जरा सविस्तर. खर्ज म्हणजे सगळ्यात खालचे, भरदार स्वर.

पुरुषांचा तंबोरा काळी एक या पट्टीत लावला तर जोडीच्या तारा साधारण १३९ हर्ट्झवर आणि खर्जाची तार ६९ हर्ट्झवर बोलते. फोनच्या स्पीकरमधून ६९ हर्ट्झ जवळपास बाहेर पडतच नाहीत. बाहेर पडतात त्या तारेचे स्वयंभू स्वर, म्हणजे तिच्यातून आपोआप निघणारे वरचे स्वर, आणि त्यांच्यावरून मेंदू खालचा षड्ज स्वतःच भरून काढतो. म्हणून फोनवर ऐकतानाही आपल्याला वाटतं की तंबोरा पूर्ण ऐकला. खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार निघतो तो मूळ स्वराच्या पाचपट, म्हणजे ३४६ हर्ट्झच्या आसपास. तो फोन व्यवस्थित देतो. छातीत भरणारा षड्ज तेवढा देत नाही.

आमचं गाव अमीर खाँसाहेबांचं. अतिविलंबित झूमरा तालात ते राग हळूहळू उलगडत नेतात ती बढत मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, किती वेळ रेंगाळते ते इंदूरकरांना सांगायला नको. ते गाणं फोनच्या स्पीकरवर ऐकणं म्हणजे राजवाड्याचे वरचे मजले बघून परत येणं. खालचा दगडी भाग राहूनच जातो.

माझी आत्या रामबागेत राहते, वय अठ्ठ्याहत्तर. तिला मी दोन हजारांतला आयईएम नेऊन दिला, कानात घालून दिला आणि खाँसाहेबांचा मारवा लावला. मिनिटभर ऐकून ती म्हणाली, "उजवीकडे ठीक आहे गं, पण डावीकडच्या तंबोऱ्याची एक तार तुटलीय." तार कुठली तुटणार! तिच्या डाव्या कानाचं भोक जरा मोठं आहे, तिथे मधल्या मापाची टिप सैल बसत होती आणि खर्ज बाहेर निसटत होता. मी डावीकडे मोठी टिप चढवली, कानाची पाळी वर-मागे ओढून आयईएम परत बसवला. या वेळी ती काहीच बोलली नाही. थोड्या वेळाने बघते तर अंगठा बोटांच्या पेरांवर फिरत होता. झूमऱ्याच्या चौदा मात्रा ती मोजत होती, डोळे मिटून, समेला मान हलत होती.

तर हो, खर्ज ऐकू येतो. पण टिप नीट बसली तरच.

टिप बरोबर बसली हे कसं कळेल?

संगीत बंद ठेवून तोंडाने "म्" असा हुंकार द्या. दोन्ही कानांत सारखा घुमला तर दोन्ही बाजू बंद झाल्या. मग एखादा संथ डग्गा किंवा पुरुषांचा तंबोरा लावा आणि आयईएम बोटाने हलकेच आत दाबा. दाबल्यावर खालचा आवाज एकदम वाढला तर टिप लहान पडते आहे. दोन्ही कानांना दोन वेगळी मापं लागली तर दचकू नका, ते अगदी नेहमीचं आहे. रबराने जमत नसेल तर फोमची टिप बघा: बोटांनी चेपून घालायची, ती कानात फुगून बसते. फोम काही महिन्यांत कडक होतो, मग बदलायचा.

"आयईएमला बास नाही" असं म्हणत जे माझ्याकडे आले, त्यांतल्या बहुतेकांचा प्रश्न टिप बदलून सुटला. पैसे काही लागले नाहीत.

मोठ्या हेडफोनमध्ये मैफलीत बसल्यासारखं वाटतं आणि आयईएममध्ये गाणं डोक्यात चालतं, हे खरं का?

बऱ्याच अंशी खरं आहे आणि त्याला कारण आहे. आवाज कुठून आला हे ओळखायला कानाची पाळी, तिच्या वळ्या, खळगे फार मदत करतात. त्यांच्यावर आपटून आवाजाचा रंग किंचित बदलतो आणि त्या बदलावरून मेंदू दिशा, अंतर ठरवतो. मोठा हेडफोन पाळीवर आवाज टाकतो. आयईएम तिला ओलांडून थेट आत जातो.

आणखी एक आहे. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब. बासरीसारखीच ती एका विशिष्ट स्वराला स्वतःहून दाद देते, तीन हजार हर्ट्झच्या आसपास. हा उठाव जन्मापासून आपल्या ऐकण्यात आहे. आयईएमने नळी बंद केली की तो बिघडतो, म्हणून बनवणाऱ्याला तो मुद्दाम घालावा लागतो. जास्त घातला तर हार्मोनियम कर्कश होते आणि बायकांचा तार षड्ज टोचतो. कमी पडला तर गायक पांघरूण घेऊन गातो आहे असं वाटतं. प्रत्येकाची नळी थोडी वेगळी असल्यामुळे एकाला गोड वाटलेला आयईएम दुसऱ्याला टोचू शकतो.

चांगला ओपन हेडफोन इथे बाजी मारतो. झेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७ पासूनचा हेडफोन मी एका परिचितांकडे तासभर ऐकला. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो झणकार, गायकाच्या मागे पसरली होती, आणि रवींद्र नाट्यगृहात चौथ्या-पाचव्या रांगेत बसल्यावर जसा तबला थोडा बाजूने येतो तसा येत होता. खर्ज मात्र माझ्या दोन हजारांच्या आयईएममध्ये जास्त खोल होता. दोन्ही गोष्टी मी कानाने ऐकल्या आहेत.

जुन्या ध्वनिमुद्रणांसाठी एक सांगते: त्यांतली पुष्कळशी मोनो आहेत. दोन्ही कानांत एकच आवाज, म्हणून कशावरही ऐका, गायक मधोमधच बसणार. फक्त जुने लोकच ऐकणार असाल तर मैफलीच्या पसाऱ्यासाठी वीस हजार घालू नका.

रियाजाला आणि ऑनलाइन क्लासला काय वापरू?

रियाजाला दोन्ही कानांत आयईएम घालून गाऊ नका. कान बंद असला की हाडांमधून आलेला स्वतःचाच आवाज आत कोंडतो आणि घुमतो. आता दोन्ही कानांत बोटं घालून "सा" लावून बघा, लगेच कळेल. मग गाणारा नकळत आवाज दाबतो, किंवा तंबोरा ऐकू यावा म्हणून फोनचा आवाज वाढवतो. माझ्या एका विद्यार्थिनीचा पंचम महिनाभर उतरत होता. एका कानातला आयईएम काढायला लावला आणि त्याच बैठकीत तो जागेवर आला.

घरात शांतता असेल तर ओपन हेडफोन सगळ्यात चांगला, कारण स्वतःचा आवाज खोलीतून कानापर्यंत येतो. रेकॉर्डिंग करायचं असेल तर क्लोज्ड घ्या आणि एक वाटी कानामागे सरकवा. स्टुडिओतले गायक हेच करतात. कुठलाच हेडफोन नसेल तर खोलीत स्पीकरवर तंबोरा लावा. तो तर सगळ्यात उत्तम.

ब्लूटूथचं घेऊ की वायरचं?

फिरताना ऐकायला ब्लूटूथ सोयीचं आहे आणि आवाजही आता वाईट नसतो. पण शिकायला, गायला, वाजवायला वायरच. द्रुत तीनताल मिनिटाला २४० मात्रांनी चालला तर एक मात्रा पाव सेकंदाची होते. ब्लूटूथमध्ये आवाज कानापर्यंत यायला ०.२ सेकंदांचा उशीर सहज होतो, म्हणजे जवळजवळ आख्खी मात्रा गेली. सम सापडायची कशी?

आणि पैशाचंही बघा. दोन हजारांच्या बिनवायरच्या जोडीत बॅटरी, चिप, माइक, चार्जिंगची डबी हे सगळं बसवलेलं असतं. तेवढ्याच किमतीच्या वायरच्या आयईएममध्ये जवळजवळ सगळा पैसा आवाजात जातो. बॅटरी दोन-चार वर्षांत थकते. वायर तुटली तर बदलता येते.

माझ्या फोनला हेडफोनचं भोकच नाही. आणि अँप लागेल का?

फोनच्या टाइप-सी भोकात खोचायचा शेपटीसारखा छोटा डोंगल मिळतो, त्याच्या दुसऱ्या टोकाला हेडफोन लागतो. डिजिटल आवाजाचा खरा आवाज करणारा डॅक त्या शेपटीतच बसवलेला असतो. आयईएमला एवढं पुरे. त्यांचा ओहम आकडा, म्हणजे विजेला होणारा अडथळा, बहुधा १६ ते ३२ असतो आणि थोड्याशा विजेवर ते मोठ्याने बोलतात.

मोठ्या हेडफोनमध्ये आकडा बघून घ्या. एचडी ६०० हा ३०० ओहमचा आहे. फोनच्या डोंगलवर वाजतो, पण संथ आलापाच्या हळू ध्वनिमुद्रणात फोनचा आवाज शेवटपर्यंत वाढवावा लागतो. अशा हेडफोनच्या किमतीत अँपचे, म्हणजे आवाजाला जोर देणाऱ्या वेगळ्या डबीचे, तीन-चार हजार आधीच मिळवा. भाव करताना लोक हे विसरतात आणि मग हेडफोनला नावं ठेवतात.

दुकानदार म्हणतो यात आठ ड्रायव्हर आहेत, हाय-रेजचा शिक्का आहे.

ड्रायव्हर म्हणजे आवाज काढणारा भाग. ते आठ असोत की एक, जुळणी कशी केली त्यावर सगळं ठरतं. एकाच पडद्याचे उत्तम आयईएम आहेत आणि डझनभर ड्रायव्हरांचे विस्कळीतही. हाय-रेजचा शिक्का ४० किलोहर्ट्झपर्यंतच्या आवाजाबद्दल बोलतो. तरुण माणसाचा कान २० पर्यंत ऐकतो, पन्नाशीनंतर त्याहून बराच कमी. महागड्या वायरने आवाज बदलतो असं मला कधीच ऐकू आलेलं नाही.

चष्मा आहे. शिवाय मे महिन्यात इथे काय हाल होतात ते तुम्हाला ठाऊकच आहे.

चष्म्याची दांडी गादीखाली फट पाडते आणि क्लोज्ड हेडफोनचा खर्ज तिथून जातो. बारीक दांडी आणि मऊ, जाड गादी असेल तर निभावतं. पारा चाळिशीपार गेला की रेक्झिनच्या गादीखाली अर्ध्या तासात घाम साचतो, आणि दोन-तीन उन्हाळ्यांत त्या रेक्झिनचे काळे पापुद्रे गालाला चिकटायला लागतात. मखमली गादी जास्त टिकते आणि कमी तापते.

आयईएमला ही अडचण नाही, पण त्याची स्वतःची आहे. पावसाळ्यात कान सतत बंद राहिला तर आत ओल धरते आणि बुरशीचा त्रास होऊ शकतो. तासाभराने काढून कानाला हवा द्या. न्हाऊन आल्यावर ओल्या कानात घालू नका. कान आधीच ठणकत असेल, वाहत असेल तर आयईएम पूर्ण बंद, आधी डॉक्टर.

प्रवासात?

आयईएम. अवंतिका एक्सप्रेसमध्ये रात्री चाकांचा खडखडाट, डब्यातल्या गप्पा, चहावाल्याची हाक, सगळं नीट बसलेल्या टिपेने वीसेक डेसिबलने कमी होतं, तेही बॅटरीशिवाय. गाणं हळू आवाजात ऐकता येतं हा मोठाच फायदा. फक्त स्कूटरवर, रस्ता ओलांडताना कानात काही नको. यावर मी क्लासमधल्या मुलांना रागावतेसुद्धा.

टिकतं काय जास्त? आणि नकली माल कसा ओळखायचा?

चांगला मोठा हेडफोन पंधरा-वीस वर्षं चालतो, गाद्या बदलत राहिल्या की झालं. काहींचे सुटे भाग वर्षानुवर्षं मिळतात. आयईएम घेताना वायर सुटी होते का एवढं बघाच, कारण पहिली मरते ती वायर, प्लगच्या मानेशी. नळीच्या तोंडावर बारीक जाळी असते, तिच्यात मळ साचला की एका बाजूचा आवाज हळूहळू बसतो. लोकांना वाटतं आयईएम गेला. नळी खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने झटका, पाणी लावू नका.

नकलीच्या बाबतीत मी स्वतः फसले आहे. एका दुकानातून नामांकित स्टुडिओ हेडफोन निम्म्या भावात घेतला. डबा हुबेहूब होता. घरी आल्यावर हाताला हलका लागला, गादीची शिवण वाकडी होती आणि डग्गा असा घुमत होता की बोल ओळखू येईना. बिल मागितलं तेव्हा मिळालं नव्हतं, त्यामुळे परतही करता आला नाही. पक्कं बिल आणि कंपनीची वॉरंटी नसेल तर भाव कितीही चांगला असो, घेऊ नका.

आवाज किती ठेवावा?

जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी सांगितलेली मर्यादा ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला आठवड्याचे चारच तास उरतात. घरी डेसिबल कोण मोजणार? शांत खोलीत आवाज जुळवा आणि मग तिथेच ठेवा. बाहेर गोंगाटात वाढवावासा वाटला तर टिप तपासा. ऐकून उठल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर आवाज जास्त होता, दुसरा अर्थ नाही. गाणाऱ्याने तर कान गळ्याइतकाच जपायला हवा.

पाच हजार आहेत. सरळ सांगा, काय घेऊ?

दोन हजारांचा वायर सुटी होणारा आयईएम, पाच-सहाशेचा बरा डोंगल, तीनशेच्या वेगवेगळ्या मापांच्या टिपा. उरलेले दोन हजार ठेवून द्या. सहा महिने रोज ऐका. रियाजच जास्त होत असेल आणि कान बंद नको वाटत असेल तर त्यात भर घालून ऑडिओ-टेक्निकाच्या एम२०एक्ससारखा साधा क्लोज्ड हेडफोन घ्या आणि एक वाटी मागे सरकवून गा. ऐकणंच जास्त होत असेल, रात्री दोन-दोन तास बैठक मारून, तर पैसे साठवत राहा आणि पुढे ओपनकडे जा. घेण्याआधी माझ्याकडे येऊन दोन्ही ऐकून जा. रविवारी सकाळी क्लास नसतो. येताना स्वतःच्या ओळखीचं गाणं फोनमध्ये घेऊन या, आणि त्यात तंबोरा असू द्या.